झाकलेली अनाशी आणि धाकट्याचा प्रश्न

अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या पट्ट्यातल्या बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, जुन्या घरांत चैत्राच्या सुमारास एक भांडं आठ दिवसांसाठी बंद व्हायचं. त्याला अनाशी म्हणत. कालवणाला आंबटपणा आणणारं पाणी तिच्यात मुरत ठेवलेलं असे. सण आला की अनाशीवर झाकण बसायचं आणि आठवडाभर पानात आंबवलेलं काही यायचं नाही. सणाचं नावच ‘अनाशी ढाकाचा सण’. तो पाळणाऱ्यांकडे त्या काळी हिब्रू पोथी नव्हती, धर्मगुरू नव्हते, आणि हे सगळं कशासाठी करायचं याची मूळ कथाही विसरायला झाली होती. शिल्लक होतं ते स्वयंपाकघरातलं वळण. आईनं मुलीला आणि सासूनं सुनेला लावलेलं.

ज्यू धर्मात या सणाला पेसाह म्हणतात. मराठी बायबल वाचणाऱ्यांना तो ‘वल्हांडण’ या नावानं माहीत आहे. कथा अशी: मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, इस्रायली लोक फारो राजाचे गुलाम होते. विटा पाडायच्या, राजासाठी नगरं बांधायची, पाठीवर मुकादमाचा मार खायचा. मोशे त्यांना तिथून बाहेर काढतो. निघण्याची घाई एवढी, की मळलेली कणीक फुगायलाही सवड मिळत नाही. ती तशीच सपाट भाजून लोक वाट धरतात. त्याची आठवण म्हणून पेसाहचे दिवस खमिराविना काढायचे. इस्रायलमध्ये हे दिवस सात, बाहेरच्या ज्यूंसाठी आठ.

सण निसान महिन्याच्या पौर्णिमेला लागतो. ज्यू पंचांग चंद्रावर चालतं आणि अधूनमधून अधिक महिना घेऊन ऋतूंशी मेळ घालतं, आपल्या पंचांगासारखंच. त्यामुळे बऱ्याच वर्षी पेसाह आणि चैत्री पौर्णिमा एकत्र येतात. २०२३ ते २०२६ या चारही वर्षी सणाची पहिली रात्र हनुमान जयंतीच्या दिवशी किंवा तिच्या आदल्या संध्याकाळी आली आहे.

बेने इस्रायलींची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावातच मूठमाती दिली. तिथं आज स्मारक आहे. हे नेमकं कधी झालं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. गावांवरून आडनावं पडली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, अष्टमकर, दिवेकर. बोली मराठी, पेहराव मराठी, जेवणात भात, नारळ आणि मासळी.

त्यांच्यातली एक गोष्ट पेसाहच्या संदर्भात फार बोलकी आहे. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू गृहस्थ कोकणात आला. हे लोक खरोखर ज्यू आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं बायकांपुढे निरनिराळ्या जातींची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पंख आणि खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. धर्मशास्त्रात नेमका हाच नियम आहे. रहाबीची खात्री पटली. त्याचा काळ कोणता, यावरही वाद आहेत. पण समाजानं आपली ओळख पटण्याची कथा म्हणून हीच जपली, यात सगळं आलं. पोथी हरवली तेव्हा धर्म चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हातात राहिला होता.

पोथीही यथावकाश आली. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला बेने इस्रायलींचं पहिलं सिनॅगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं. कोचीनच्या ज्यूंशी संबंध वाढले, तिकडचे शिक्षक कोकणात येऊ लागले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं बेने इस्रायलींसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. विल्सनचा हेतू धर्मांतराचा होता. समाजानं व्याकरण घेतलं आणि स्वतःचा धर्म अधिक पक्का केला.

आणि १८४६ मध्ये मुंबईत मराठी अर्थासह हागादा छापली गेली. हागादा म्हणजे पेसाहच्या रात्री जेवणाच्या ताटांभोवती बसून वाचायची पोथी. गुलामी, सुटका, प्रश्न, उत्तरं, स्तोत्रं आणि शेवटी मुलांच्या आवडीची गाणी, असा तिचा ऐवज. त्यानंतर २८ वर्षांनी, १८७४ मध्ये, पुण्यात दुसरी हागादा निघाली. ती सिद्ध केली मोझेस जेकब तळकर आणि अॅरन डॅनियल तळकर यांनी आणि छापली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. हिब्रू धर्मविधीची पोथी पुण्यातल्या एका अग्निहोत्र्यांच्या यंत्रावर चढली. महाराष्ट्राच्या मुद्रणाच्या इतिहासात या गोष्टीला याहून मोठी जागा मिळायला हवी होती.

पुणे हागादा जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे ती तिच्या चित्रांमुळे. युरोपातल्या जुन्या हागादांमध्ये सणाच्या तयारीची चित्रं असत. पुण्याच्या चित्रकारानं तीच कामं करायला साड्या नेसलेल्या बायका बसवल्या. त्या कणीक मळतात, लाटतात, भाजतात. पोथी उघडून आजीच्या मांडीवर बसलेल्या १८७४ च्या मुलाला मिसरहून निघालेल्या पूर्वजांइतकीच आपली आई आणि मावशीही तिच्यात दिसत असणार.

चित्रातल्या बायका जो पदार्थ करतात तो माझ्झा. मराठी बायबलात त्याला ‘बेखमीर भाकर’ म्हटलंय. दिसायला साधा, करायला कडक. जिन्नस दोनच: पीठ आणि पाणी. मीठ नाही, तेल नाही. पिठाला पाणी लागल्या क्षणापासून १८ मिनिटांच्या आत भाजून निघालं पाहिजे. त्यापुढे पीठ आंबायला लागलं असं धरतात आणि तो गोळा बाद होतो. म्हणून माझ्झा एकटीनं करायचं काम नाही. एकीनं मळायचं, दुसरीनं तिथल्या तिथं लाटायचं, तिसरीनं पोळीभर टोचे मारायचे म्हणजे ती फुगणार नाही, चौथीनं भाजायचं. टोचे मारायचं काम मुलांच्या वाट्याला सहज येतं. लाटणं-पोळपाटही दर फेरीनंतर स्वच्छ करावं लागतं, कारण त्याला चिकटलेलं आधीचं पीठ नव्या पोळीत मिसळून चालत नाही.

तांदळाच्या बाबतीत मात्र जगातल्या ज्यूंमध्ये दोन तट आहेत. पूर्व आणि मध्य युरोपातले ज्यू पेसाहमध्ये भात खात नाहीत. डाळी, शेंगाही टाळतात. बेने इस्रायली खातात, आणि गव्हाच्या पोळीऐवजी त्यांच्या घरी तांदळाची भाकरी होते. कोकणात भाताविना आठ दिवस काढायला सांगणारा नियम कुणी कितपत पाळला असता, हा प्रश्नच आहे. जगभरच्या भात खाणाऱ्या ज्यू घरांत पेसाहआधी तांदूळ डोळ्यांत तेल घालून निवडण्याची रीत आहे, कित्येक ठिकाणी तीन तीन वेळा, कारण त्यात गव्हाचा एक दाणा जरी राहिला तरी तो निषिद्ध. ताटात तांदूळ पसरून गव्हाचा दाणा शोधायचा: लहान बोटांना आणि तरण्या डोळ्यांना याहून चांगलं काम कोणतं?

सणाआधीची झाडलोट दिवाळीच्या तोडीची. घराला चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई, पेसाहपुरत्या वेगळ्या ठेवलेल्या भांड्यांची माळ्यावरून उतराई. आदल्या रात्री सगळ्या घराचा दिवा मालवून, मेणबत्तीच्या उजेडात खमिराचा शेवटचा शोध घ्यायचा, हा सगळ्या ज्यूंचा विधी. पावाचे काही तुकडे मोठी माणसं मुद्दाम लपवून ठेवतात, बहुधा दहा. मुलं पीस आणि लाकडी चमचा घेऊन कपाटामागे, पलंगाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर ते हुडकतात. पिसानं तुकडा चमच्यात ओढायचा, हात लावायचा नाही. सकाळी ते सारं जाळून टाकतात. लपवलेले तुकडे किती आणि कुठे, हे लपवणाऱ्यानं लिहून ठेवलेलं बरं, असा सल्ला प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला देते.

बेने इस्रायली घरातला खजुराचा शिरा आपल्या रव्याच्या शिऱ्यासारखा नसतो. बिया काढलेला खजूर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचा, कुस्करायचा, मग पातळ कापडात बांधून पिळायचा. गर कापडात राहतो, खाली गडद तपकिरी पाणी उतरतं. ते मंद आचेवर आटवत ठेवलं की काकवीसारखा दाट पाक होतो आणि सगळ्या घराला त्याचा वास लागतो. हा झाला हारोसेत. गुलामांनी ज्या मातीच्या विटा पाडल्या तिची खूण. युरोपात तो सफरचंद आणि अक्रोडांचा करतात, बगदादकडे खजुराचा, आणि कोकणानं खजुराचीच वाट धरली. द्राक्षाच्या मद्याऐवजी काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून केलेलं शरबत, हीदेखील इथली रीत. शरबत असल्यामुळे पेसाहच्या रात्री विधीत प्यायचे चारही पेले मुलांना मोठ्यांच्या बरोबरीनं घेता येतात.

पेसाहची एक खूण दारावरही असते. बायबलातल्या कथेत इस्रायली लोक कोकराचं रक्त चौकटीला लावतात, म्हणजे मिसरवर आलेल्या शेवटच्या अरिष्टाच्या रात्री मृत्यू ते घर ओलांडून पुढे जावा. काही बेने इस्रायली घरांत बोकडाच्या रक्तात हात बुडवून पांढऱ्या कागदावर पंजा उमटवायचा आणि तो कागद दाराशी लावायचा, अशी चाल होती. हळदी-कुंकवाच्या हातांचे ठसे आपल्या दारांवर पिढ्यान्‌पिढ्या उमटतात. या पंजाची जात तीच. आज एखाद्या घरात मुलाला लाल रंगाच्या ताटलीत हात बुडवून ठसा काढू दिला, तर तो जुन्या चालीच्या अगदी जवळ जातो.

मग येते ती रात्र, सेदर या विधिभोजनाची. मधोमध तबक. त्यात भाजलेलं हाड, उकडलेलं अंडं, कडू पाला, हिरवी भाजी, हारोसेत. शेजारी अश्रूंची खूण म्हणून मिठाचं पाणी आणि कापडाखाली तीन माझ्झा. इथं धर्मगुरू लागत नाही. घरचा वडीलधारा पोथी वाचतो, पण गोष्टीला सुरुवात त्याला करता येत नाही. ती होते घरातल्या सगळ्यांत धाकट्याच्या प्रश्नानं. आजचीच रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा निराळी का? आज सपाट भाकरच का, कडू पाला का, भाजी दोनदा का बुडवायची, रेलून का बसायचं? हिब्रूत या प्रश्नांना ‘मा निश्तना’ म्हणतात. लहानग्यांकडून ते आठवडे आठवडे पाठ करून घेतात, आणि त्या रात्री चाळीस माणसांच्या पंगतीतही सगळ्यांचे कान त्या एका बोबड्या आवाजाकडे असतात.

या रात्रीचा अर्धा आराखडा मुलांना जागं ठेवण्यासाठीच रचलेला आहे. कोथिंबीर किंवा तसलीच हिरवी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून जेवणाआधी द्यायची, ती मुलानं चमकून विचारावं म्हणून. मधली माझ्झा मोडून अर्धा तुकडा, आफिकोमन, कापडात गुंडाळायचा. कुठे वडील तो लपवतात आणि मुलं हुडकतात, कुठे मुलंच पळवतात आणि बक्षीस मिळाल्याशिवाय परत देत नाहीत. तो तुकडा खाल्ल्याविना जेवण संपत नाही, त्यामुळे मुलांची बाजू भक्कम असते. मुंबई-पुण्यात व्यापारासाठी येऊन राहिलेल्या बगदादी ज्यूंच्या परंपरेत आणखी गंमत आहे. एक मूल ते गाठोडं खांद्यावर टाकून उभं राहतं. कुठून आलास? मिसरहून. कुठं निघालास? यरुशलेमला. पाच-सहा वर्षांचं पोर खांद्यावर कापडी गाठोडं घेऊन हे सांगतं तेव्हा देश सोडणं म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकवायची गरज उरत नाही.

हागादात चार प्रकारच्या मुलांचा उल्लेख येतो: शहाणं, आडमुठं, साधंभोळं आणि ज्याला विचारताही येत नाही असं. चौघांनाही उत्तर द्यायचं, पण प्रत्येकाला त्याच्या समजेप्रमाणे. शिक्षणशास्त्राच्या कित्येक पुस्तकांआधी हे लिहिलं गेलं. चौथ्या मुलासाठी सांगितलंय, की त्याचं तोंड तू उघड. म्हणजे त्याच्या प्रश्नाची वाट न पाहता गोष्ट सुरू कर.

मुलांच्या हस्तकामाचं मोल या चौथ्या मुलापाशी कळतं. ज्याला विचारता येत नाही त्याच्या हाताला काम देता येतं. जगभरच्या ज्यू शाळांत आणि घरांत पेसाहआधी कात्री, रंग, कापड बाहेर निघतं. सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे माझ्झा झाकायचं कापड. दोन वीत चौरसाचे चार तुकडे एकावर एक ठेवून तीन बाजूंनी धावदोरा घातला की तीन कप्पे होतात, प्रत्येकात एक माझ्झा. वरच्या तुकड्यावर मुलानं नाव काढावं, डाळिंब काढावं, साखळी टाका शिकत असेल तर तो घालावा. आजीच्या जुन्या साडीचा काठ लावला तर फारच छान. उरलेल्या तुकड्याची आफिकोमनची पिशवी होते. दरवर्षी वापरलं जाणारं कापड डागाळतं, टाके उसवतात, पण ते फेकवत नाही. सराजेव्हो इथं जपलेल्या चौदाव्या शतकातल्या प्रसिद्ध हागादाच्या पानांवरही मद्याचे डाग आहेत, कारण ती खरोखरच जेवणाच्या वेळी उघडली जात होती.

त्याहून लहान मुलांसाठी माती. शाडूच्या विटा पाडून फारोचं नगर बांधायचं, आणि दहा-बारा विटांनंतर हात दुखायला लागले की सांगायचं, हे काम बिनपगारी आणि जन्मभर. पुठ्ठ्याचं सेदर तबक करून त्यात सहा वाट्या काढता येतात. थोरल्यांनी स्वतःची हागादा करावी: वहीची दहा पानं, प्रत्येकावर एक प्रसंग, शेवटी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेली आपल्या कुटुंबाची हकीकत.

एक मेख आहे, आणि ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. पेसाहच्या काळात घरात गव्हाचं आंबू शकणारं पीठ नको, म्हणून मैद्याची खळ चालत नाही. डिंक वापरावा लागतो. मुलांच्या खेळण्यातल्या तयार रंगीत गोळ्यांतही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे ते डबेही माळ्यावर जातात. शिवाय सणाच्या मुख्य दिवसांत लिहिणं, कापणं, चिकटवणं, शिवणं हे सारं ‘काम’ धरून वर्ज्य. म्हणजे हस्तकाम आधीच उरकायचं. त्या रात्री मुलांनी केलेल्या वस्तू वापरायच्या फक्त.

नागपूरच्या जरीपटक्यात पेसाहचे दिवे लागत नाहीत, पण तिथल्या घरांना ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. चैत्र शुद्ध द्वितीयेला, पेसाहच्या बहुधा पंधरवडाभर आधी, इथं चेटीचंड साजरा होतो. तो सिंधी समाजाच्या झूलेलाल या दैवताचा सण, आणि त्याची कथाही जुलमी राजाचीच: ठट्ट्याचा मिर्खशाह धर्म बदलण्याचा हुकूम देतो, लोक सिंधूच्या काठावर चाळीस दिवस धावा करतात आणि नसरपूरला उदेरोलाल, म्हणजेच झूलेलाल, जन्माला येतो. झूलेलालच्या पूजेचं ताट, म्हणजे बहराणा साहिब, सजवताना कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलदोडे, फळं, कलश आणि नारळ मांडले जातात. मग मिरवणुकीनं तो पाण्याकडे नेतात, पुढे छेज हा सिंधी नाच नाचत. कणकेचा दिवा वळायला, ताट सजवायला घरातली मुलं हवीच असतात. पण १९४७ मध्ये आजोबा-पणजोबा कराचीहून बोटीनं निघाले की आगगाडीनं, बरोबर काय आणलं, काय तिथंच राहिलं, हे विचारण्यासाठी चेटीचंडच्या दिवशी वेगळी वेळ काढलेली नसते. ज्यू परंपरेनं ती वेळ पंचांगातच बसवून टाकली आणि विचारायची जबाबदारी सगळ्यांत लहान माणसावर सोपवली. जरीपटक्यातल्या सिंधी घरांनी हे एवढं उचललं तर त्यांच्या सणाला ते शोभूनच दिसेल. फाळणी स्वतः पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

मुलांच्या हातून परंपरा चालवण्याचं मर्म नागपूरला मुळातच ठाऊक आहे. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा ही भोसल्यांच्या राजवटीपासून चालत आलेली विदर्भाची खास रीत. लाकडी बैल सजवायचा, रंगवायचा, झूल घालायची, चाकांवर ओढत घरोघर न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, घ्यायचा. ज्याच्या घरी शेत नाही, गोठा नाही, त्या शहरी पोराला बैलाचं ऋण या एका दिवशी समजतं.

पेसाहच्या कथेतला अवघड भाग म्हणजे दहा अरिष्टं. नदीचं रक्त होणं, बेडूक, उवा, हिंस्र जनावरं, गुरांची मरी, गळवं, गारा, टोळ, अंधार आणि शेवटी मिसरमधल्या प्रत्येक घरातल्या पहिल्या मुलाचा मृत्यू. कागदी बेडूक, कापसाच्या गारा, काळा चष्मा: हस्तकामाला हा भाग फार सोयीचा आणि मुलंही त्यात रमतात. विदर्भातल्या मुलांना तर गारपीट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, आणि २०२० च्या मे महिन्यात काटोलच्या संत्राबागांवर आलेली टोळधाड अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. पण इथं थोडं थांबावं. हा शत्रूच्या मुलांचाही मृत्यू आहे. ज्यू परंपरा त्यासाठी एक साधी कृती सांगते. प्रत्येक अरिष्टाचं नाव घेताना पेल्यातून एक थेंब कमी करायचा. पुष्कळ घरांत त्याचा अर्थ असा सांगतात, की दुसऱ्यांच्या दुःखातून आपली सुटका झाली, तेव्हा आपला पेला काठोकाठ भरलेला राहू नये. बोटानं ताटलीत थेंब टाकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला शब्द नसले कळले, तरी पेला उणा झालेला दिसतो. कागदी बेडकांनी भरलेल्या त्या संध्याकाळी हे दहा थेंब गाळून चालायचं नाही.

अनेक ज्यू घरांत या रात्री एक भरलेला पेला कुणी न पिता ठेवतात. तो एलिया संदेष्ट्यासाठी. त्याच्यासाठी दार उघडायलाही मुलंच धावतात. कोकणाशी या संदेष्ट्याचं नातं तर विशेष आहे. बेने इस्रायली त्याला एलियाहू हनाबी म्हणतात. घरात त्याच्या रथाचं चित्र असतं, आणि शुभकार्याला पोहे, नारळ, गूळ, फळं यांचा मलिदा त्याच्या नावानं वाढतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे अशी श्रद्धा असून आजही लोक तिथं नवस फेडायला जातात. मोशेची कथा तर या समाजानं कीर्तनातही आणली. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलींनी कीर्तनं सुरू केली. हरिदासांच्या कीर्तनासारखीच पूर्वरंग-उत्तररंगाची घडण, टाळ आणि पेटी, आणि आख्यान मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे यांचं. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही मोशेपुढे तांबडा समुद्र दुभंगलेला दिसला तो असा, ओव्या-साक्यांतून.

१९४८ नंतर बेने इस्रायली मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले: दिमोना, अश्दोद, बेअर शेवा, लोद, रामले. तिथंही सगळं सुरळीत झालं नाही. आपण अस्सल ज्यू आहोत हे मान्य करून घेण्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये तसा निर्णय झाला. हिब्रू शिकलेल्या नातवंडांच्या घरांत मराठी मागे पडत गेली, तरी ‘मायबोली’ हे नियतकालिक तिथल्या मराठी ज्यूंनी जिद्दीनं चालवलं. अहमदाबादच्या लेखिका एस्तेर डेव्हिड यांनी बेने इस्रायली आयुष्य कादंबऱ्यांत आणलं. ‘बुक ऑफ रेचल’ला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी भारतातल्या निरनिराळ्या ज्यू समाजांची स्वयंपाकघरं फिरून त्यांच्या पाककृतींचं पुस्तकच केलं. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना धार्मिक अल्पसंख्याक दर्जा दिला. भारतभरचे ज्यू आता जेमतेम पाच हजारांच्या घरात, त्यातले निम्म्याहून अधिक मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडच्या परिसरात.

रायगडातल्या काही सिनॅगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणंही आज कठीण जातं. सेदरला मात्र दहाची अट नाही. धर्मशास्त्रानं त्या रात्रीपुरती वेगळी सोय करून ठेवली आहे: मूल असेल तर मुलानं विचारावं. मूल नसेल तर बायकोनं विचारावं. दोन विद्वान एकत्र बसले असतील आणि दोघांनाही सारी पोथी पाठ असेल, तरी त्यांनी एकमेकांना विचारावं. आणि घरात कुणीच नसेल, तर माणसानं पेला भरून, माझ्झा मांडून, तो प्रश्न मोठ्यानं स्वतःलाच विचारावा आणि मग पुढची पोथी वाचावी.